जखमा बनवणारी आर्मेल

आर्मेल पिएरारनं पहिला दात केला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि पहिला गळा कापला तेव्हा चौतीस. दोन्ही कामांत फारसा फरक नाही, असं ती म्हणायची. आधी साचा घ्यायचा, मग मेण ओतायचं, मग रंग भरायचा, आणि बघणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे.

ती जाऊन आता सहा वर्षं झाली. सिनेमाच्या एका मासिकानं तेव्हा अर्धं पान छापलं होतं आणि वर मथळा दिला होता, 'रक्ताची राणी'. आर्मेलनं तो वाचला असता तर नाक मुरडून ते पान प्लास्टर कालवताना टेबलावर अंथरलं असतं. मी तिच्यासोबत बावीस वर्षं काम केलं. माझं काम केसांचं. सिलिकॉनच्या डोक्यात, भुवईत, हातावर सुईनं एकेक केस रोवायचा. एका भुवईला चारशे केस लागतात. इतका वेळ शेजारी बसलं की माणूस कळतो.

आर्मेल बेल्जियमच्या सीमेलगतच्या शार्लव्हिलची. तिथं ती एका दंतवैद्याच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायची. पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रईमध्ये ती आली ती थोरल्या बहिणीसाठी. बहिणीचा नवरा हात उगारणारा होता. आर्मेलनं बहिणीला शार्लव्हिलमधून उचललं, मोंत्रईतल्या स्वतःच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं आणि चार महिने सांभाळलं. मग एके दिवशी ती कामावरून आली तर बहीण नव्हती. नवऱ्याकडे परत गेली होती. आर्मेलनं मला हे एकदाच सांगितलं, तेही रंग कालवता कालवता. म्हणाली, "मार लागल्यावर तिसऱ्या दिवशी कडा पिवळी पडते, पाचव्या दिवशी हिरवट. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही."

त्याच सुमारास सिनेमाचा एक माणूस तिच्याकडे नटीसाठी तुटका दात करून घ्यायला आला. ती तो बसवायला शूटिंगच्या जागी गेली आणि तिथं रंगभूषाकारानं नटीच्या गालावर काढलेला वळ बघून तिच्यानं गप्प राहवलं नाही. ते द्राक्षांचा रस सांडल्यासारखं दिसतंय, असं तिनं सरळ सांगितलं. लोक चिडले. पण तिनं बोटानं कडेला थोडा पिवळा, थोडा राखाडी फिरवला, तेव्हा दिग्दर्शक बराच वेळ बघत राहिला. तिथून दातांचं काम सुटलं आणि जखमांचं लागलं.

आमचा कारखाना एका जुन्या पियानोच्या कारखान्याच्या अंगणात होता. अंगणात दोरीवर पाय वाळत असायचे. नवीन पोस्टवाली पहिल्यांदा आली ती पार्सल फाटकातच टाकून पळाली. पुढं तीच बाई कॉफी प्यायला थांबू लागली आणि कुठला पाय खरा वाटतो ते सांगू लागली. आम्ही रक्त तीन तऱ्हेचं करायचो. एक ताजं, एक सुकत आलेलं, आणि एक नटांच्या तोंडात धरायचं, साखरेच्या पाकाचं. उन्हाळ्यात त्या पाकावर गांधीलमाश्या यायच्या. आर्मेल त्यांना मारू द्यायची नाही. खिडकी उघडून हळूच बाहेर हाकलायची.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे अचानक तरुण दिग्दर्शकांची रीघ लागली. पंचविशी-तिशीची पोरं. त्यांना असे सिनेमे करायचे होते ज्यांत एखादा माणूस सुरा, कोयता, कात्री काहीही घेऊन येतो, आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. आमच्या देशात हे तसं नवीन होतं. वर्तमानपत्रवाले नाकाला रुमाल लावायचे. मला स्वतःला ते सिनेमे आवडायचे नाहीत. मी केस रोवायचे आणि पडद्यावर बघायची वेळ आली की चपला बघायचे. आर्मेलचं तसं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की ज्या सिनेमात रक्ताची कारंजी उडतात आणि पोरं मक्याच्या लाह्या खात हसतात, तो सिनेमा खरा घाणेरडा. माणूस मारला जातोय तर बघणाऱ्याला दुखलं पाहिजे. तो खुर्चीत आक्रसला पाहिजे, घरी जाऊन त्याला जेवण जाऊ नये. त्याला हसू आलं, तर आपलं काम फसलं.

या मतावर ती ठाम होती. सोलेन नावाच्या एका नटीच्या आईनं तिला विचारेपर्यंत.

२००४ साली तेओ ब्रिसाक नावाचा सत्तावीस वर्षांचा दिग्दर्शक आला. अतिशय सभ्य मुलगा. पोट नाजूक म्हणून दिवसभर दही खायचा आणि 'कृपया' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचा नाही. त्याच्या सिनेमात बीटच्या शेतांमधल्या एका कोठारात तीन मैत्रिणी अडकतात आणि एक माणूस त्यांना एकेक करून मारतो. सिनेमाचं नाव वेगळं होतं, आम्ही मात्र त्याला 'कोठार'च म्हणायचो. शेवटच्या मुलीचं मरण त्याला सलग, न तोडता दाखवायचं होतं. चार मिनिटं. मारणाऱ्याच्या हातात विळा.

ती मुलगी म्हणजे सोलेन विगुरू, चोवीस वर्षांची, ब्रिटनीच्या टोकाला असलेल्या वेसाँ बेटावरची. तिची ही पहिलीच मोठी भूमिका. साचे द्यायला आली तेव्हा आल्या आल्या आर्मेलला म्हणाली, "मला फार कुरूप करून मारू नका हं मादाम. आई बघायला येणार आहे."

आर्मेल म्हणाली, "मग आईला सांग, डोळे मिटून बस."

"ती नाही मिटायची. ती मेंढी कापतानासुद्धा डोळे मिटत नाही."

डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत साचे घ्यायचे होते. चेहऱ्याचा शेवटी. दंतवैद्य वापरतात ती गुलाबी लापशी चेहऱ्यावर ओतायची, वर प्लास्टरच्या पट्ट्या, आणि नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवायच्या. वीस मिनिटं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. बरीच माणसं त्यात घाबरी होतात. म्हणून मी शेजारी बसून हात धरायची. दोनदा दाबला की काढून टाकायचं, असं ठरलेलं. आर्मेलनं तिला सांगितलं, चेहरा अजिबात हलवू नको, ओठ मिटून ठेव, श्वास अगदी बारीक घे. सोलेननं एकदाही हात दाबला नाही. साचा उतरवल्यावर तिनं मोठा श्वास घेतला आणि आम्हाला म्हणाली, की आमच्या बेटावर लहानपणी आम्ही पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं ते खेळायचो, मी नेहमी जिंकायचे.

शूटिंग उत्तरेकडच्या पिकार्दीत झालं, जानेवारीत. कोठाराच्या खिडक्यांना काळी कापडं लावली होती. थंडीनं सिलिकॉन ताठ व्हायचं. आम्ही केस वाळवायच्या यंत्रानं सोलेनचं नकली डोकं शेकत बसायचो. रक्त गोठू नये म्हणून चुलीवर पातेल्यात सूप ठेवावं तसं ठेवलेलं. डोकी दोनच केली होती, म्हणजे दोनच संधी. पहिल्या वेळी पंपाची नळी मानेत अडकली आणि सगळं वाया गेलं. दुसऱ्या वेळी सगळं जमलं. इतकं जमलं, की तेओनं 'कट' म्हणायला उशीर केला. मान कापली जाताना डोळ्यांच्या पापण्या दोनदा थरथरतात, असं आर्मेलनं केलं होतं. आतून दोन तारा, तिच्या स्वतःच्या हातात. ते कागदावर कुठंच नव्हतं.

सोलेन कॅमेऱ्याच्या मागं उभी राहून सॉसेजचा पाव खात स्वतःचं मरण बघत होती. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी नटी आहे ती." मग सगळे हसले. आर्मेल हसली नाही, पण तिला ते आवडलं, मला दिसलं.

सरकारी समितीनं अठरा वर्षांच्या आतल्यांना सिनेमा बघायला बंदी घातली. आमच्याकडे तो शिक्का बसला, की थिएटरवाले हात लावत नाहीत. मोजक्या ठिकाणी लागला. पण पॅरिसमधला पहिला खेळ भरलेला होता. आर्मेल नेहमी शेवटच्या रांगेमागं भिंतीला टेकून उभी राहायची आणि कोण उठून जातं ते बघायची. त्या संध्याकाळी कोठारातल्या त्या चार मिनिटांत अकरा जण उठले. एका माणसाला भोवळ आली. आर्मेलनं माझा दंड धरला होता आणि तिचे डोळे चमकत होते. त्या अकरांमध्ये एक ठेंगणी बाई होती, निळा नवा कोट घातलेली. ती पळाली नाही. उठली, रांगेतल्या लोकांची माफी मागत मागत बाहेर आली.

खेळ संपल्यावर आम्ही बाहेरच्या दालनात आलो तर ती तिथंच बाकावर बसून होती, कोट गळ्यापर्यंत लावून. सोलेन धावत तिच्याकडे गेली, तिच्या पायाशी बसली, स्वतःची मान उघडी करून दाखवू लागली, हे बघ आई, काही नाही झालं, मी इथं आहे. आईनं तिच्या मानेवरून हात फिरवला. मग सोलेननं आर्मेलकडे बोट केलं. हिनंच सगळं केलं, असं कौतुकानं सांगितलं.

ती बाई उठून आर्मेलसमोर आली. "त्या पापण्या तुम्ही हलवल्या?"

"हो."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"नाही. मूल नाही मला."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग मुलीचा हात धरून ती निघून गेली.

 आर्मेलनं नंतर ही गोष्ट कधी काढली नाही. पण पुढच्या सिनेमात दिग्दर्शकानं पापण्यांची तीच करामत मागितली, तेव्हा तिनं यंत्र बिघडलंय असं सांगितलं. यंत्रबिंत्र काही नव्हतंच, दोन तारा होत्या.

सोलेनला 'कोठार'नंतर अशाच भूमिका येत राहिल्या. किंचाळणाऱ्या मुलींच्या. तिला कंटाळा आला होता. २००७ च्या उन्हाळ्यात ती बेटावर घरी गेली. एका सकाळी मावसभावाबरोबर त्याच्या छोट्या होडीतून पलीकडच्या बेटाकडे निघाली. मधल्या सामुद्रधुनीत प्रवाह किती जोराचा असतो हे त्या दोघांना जन्मापासून माहीत होतं. दुपारी धुकं आलं. होडी दुसऱ्या दिवशी उलटी सापडली, मावसभाऊ अकराव्या दिवशी. सोलेन सापडली नाही.

आम्हाला हे तेओच्या फोनवरून कळलं. आर्मेलनं फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेली, जिथं साचे ठेवायचो. प्रत्येक साच्यावर नाव आणि तारीख असायची. ती बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावले तर ती सोलेनच्या साच्यांसमोर नुसती उभी होती. मी विचारलं, टाकून द्यायचे का. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी फाटकाची घंटा वाजली. मी दार उघडलं, तर निळ्या कोटातली ती बाई. मादाम विगुरू. हातात पिशवी, पिशवीत लोण्याचा केक, पेपरात गुंडाळलेला. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आणला असणार. तो तिनं टेबलावर ठेवला, कापलेल्या बोटांच्या ट्रेशेजारी, आणि खुर्ची दिली तरी बसली नाही.

"तुमच्याकडे ती आहे," ती आर्मेलला म्हणाली.

आर्मेलला कळलं. "साचे आहेत."

"पूर्ण?"

"गुडघ्यांपर्यंत."

मग ती बसली. तिनं जे सांगितलं ते असं. त्यांच्या बेटावर पूर्वी समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही, की त्याच्या घरी मेणाचा एक छोटा क्रूस आणायचे, बोटभर. तो पांढऱ्या कापडावर टेबलावर ठेवायचे आणि प्रेताजवळ बसावं तसे शेजारीपाजारी रात्रभर त्याच्याजवळ बसायचे. सकाळी पाद्री येऊन त्याला देवळात न्यायचे. तिच्या काकाचा असा क्रूस तिनं आठ वर्षांची असताना पाहिला होता. नंतर ती चाल बंद पडली. सोलेनसाठी पाद्री तसा क्रूस करायला तयार होते. पण तिला तो नको होता. काकांसाठी ठीक होतं, ती म्हणाली, त्यांचं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. माझ्या मुलीचा चेहरा मोंत्रईत एका फळीवर आहे, हे माहीत असताना मी बोटभर मेण कसं पुरू?

आर्मेलनं तिला समजावायचा प्रयत्न केला. त्या साच्यातून निघणारा चेहरा तुमच्या आठवणीतला नसेल, असं सांगितलं. मादाम विगुरूनं सगळं ऐकून घेतलं आणि केव्हा येऊ एवढंच विचारलं.

आर्मेलनं तीन आठवडे घेतले. इतका वेळ तिनं कुठल्याच डोक्याला घेतला नव्हता. सिलिकॉन नको म्हणाली, मेण घेतलं. त्यात काय अडचण आली ते तिनं मला दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. वीस वर्षं तिनं ज्या ज्या चेहऱ्याला हात लावला होता, त्यात कुठं फाटलेलं, सुजलेलं, फुटलेलं दाखवायचं असे; बाकीचा चेहरा त्या जखमेच्या आधारानं उभा राही. धड चेहरा तिनं कधी केलाच नव्हता. कुठं थांबायचं तेच तिला कळेना. ती गाल घासायची, पुन्हा भरायची. मी फोटो समोर ठेवून भुवया रोवल्या. त्या मुलीच्या डाव्या भुवईत एक रिकामी जागा होती, तीही ठेवली. शेवटी तो चेहरा उशीवर ठेवला, तेव्हा मला तो अगदी सोलेन वाटला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आर्मेलला मी म्हटलं, झालंय, आता हात लावू नको.

मादाम विगुरू आली. तिनं कोट काढून खुर्चीवर ठेवला, हात धुतले, आणि मग समोर गेली. आम्ही मागं उभ्या राहिलो. बाहेर अंगणात कोणी बादली ठेवली, तो आवाज मला अजून आठवतोय.

"ही झोपलेली नाही," ती म्हणाली. "हिनं श्वास रोखून धरलाय."

मी बघितलं आणि मग मलाही तेवढंच दिसायला लागलं. मिटलेले ओठ, हनुवटीखाली थोडासा ताण, नाकपुड्या किंचित फुगलेल्या. काही सेकंदांत वर यायचं आहे अशा मुलीचा तो चेहरा होता.

आर्मेल म्हणाली, "मीच सांगितलं होतं तिला. हलू नको म्हणून." मग पुढं होऊन ती घाईघाईनं सांगू लागली, की हे बदलता येईल, गरम पात्यानं ओठ जरा सैल करता येतील, हनुवटी खाली घेता येईल, तासाभराचं काम आहे. तिनं पातं हातात घेतलंसुद्धा.

मादाम विगुरूनं तिचं मनगट धरलं. "नको. आता तिला काही करू नका."

ते पातं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाई आमच्या कारखान्यात फिरायला लागली. मी अडवणार होते, कारण तिथं फळ्यांवर काय काय होतं. छाती उघडलेला एक माणूस, आतडी, कान. आर्मेलनं मला खुणेनं थांबवलं. ती बाई कशाला दचकली नाही. साच्यांच्या खोलीत गेली. तिथं सोलेनच्या नावाच्या फळीवर चेहऱ्याच्या साच्यामागं एक डावा हात होता, प्लास्टरचा, मनगटापर्यंत. साचा तपासून बघायला आम्ही पहिल्यांदा असा एक ओततो आणि मग विसरून जातो. मीसुद्धा विसरले होते. तिनं तो उचलला. करंगळी टोकाशी वाकडी होती, नखं कुरतडलेली, तळहातावरची रेघन् रेघ स्पष्ट.

"मेंढ्यांच्या गोठ्याचं दार," ती म्हणाली. "सहा वर्षांची होती. रडली नाही, मला कळू नये म्हणून हात मागं लपवून जेवायला बसली."

तिनं आपला अंगठा त्या तळहातात ठेवला आणि बोटं मिटली. मग तिथल्या स्टुलावर बसून ती रडली. आर्मेल तिच्याजवळ जमिनीवर बसली, प्लास्टरच्या धुळीत. त्या दोघींचं पुढचं बोलणं मी दारातून ऐकलं.

"त्या दिवशी थिएटरात मी तुम्हाला बोलले," मादाम विगुरू म्हणाली.

"खरं तेच बोललात."

"खरं नव्हतं ते. मूल नसलेल्या बाईला असं कुणी बोलतं का." मग म्हणाली, "पण माझा राग मी परत घेत नाही. तिला बुडताना मी पाहिलं नाही, मादाम. डोळे मिटले की मला तुम्ही केलेलंच दिसतं. कोठार, आणि त्या पापण्या. दुसरं दिसायला माझ्याकडे काही नाहीच."

 

मादाम विगुरूनं हात स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. निघताना तिनं आम्हाला एप्रिलमधली एक तारीख सांगितली आणि बेटाची बोट ब्रेस्ट बंदरातून सकाळी सुटते असं म्हणाली.

आम्ही गेलो. वाटेत आर्मेलला बोट लागली आणि ती सगळा वेळ डेकवर कठड्याला धरून उभी होती. घरात टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर तो हात ठेवला होता. पाद्री जरा घुटमळले, प्लास्टरच्या हातावर कोणती प्रार्थना म्हणायची ते त्यांना ठरवता येईना. बेटावरच्या बायकांना असा काही प्रश्न पडला नाही. त्या एकेक करून यायच्या, ओल्या छत्र्या दाराशी ठेवायच्या, आणि तो हात हातात घेऊन थोडा वेळ बसायच्या. सिनेमा त्यांतल्या कुणी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्यानं आर्मेलला विचारलं, की हा तुम्ही केलात का. ती म्हणाली, नाही, हा तिचाच आहे, मी फक्त ठेवला होता. दुपारी एका लहान लाकडी पेटीतून तो सोलेनच्या वडिलांच्या थडग्यात ठेवला. मादाम विगुरूनं आम्हाला मटण वाढलं आणि बोट चुकेल म्हणून स्वतः घाई केली.

मेणाचा तो चेहरा आर्मेलनं परत आल्यावर वितळवला. ते मेण तिनं कशाला वापरलं नाही. त्यानंतर तिनं जिवंत नटाच्या चेहऱ्याचा साचा घेणं सोडलं. हात, पाय, पाठ, पोट काहीही करायची. चेहरा मागितला की दुसऱ्या कारखान्याचं नाव सांगायची. दिग्दर्शकांना हे चमत्कारिक वाटायचं. तसंही काम ओसरत चाललं होतं. अठराचा शिक्का बसेल अशा सिनेमांमागं कोणी उभं राहीना, आणि रक्त संगणकावर काढता येऊ लागलं. २०११ मध्ये आम्ही कारखाना बंद केला. साचे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकायचे होते. कुणाचे चेहरे असे अख्खे फेकायचे नाहीत, असं म्हणून आर्मेलनं ते सगळे हातोडीनं फोडले, दोन दिवस. सोलेनचे फोडायची वेळ आली तेव्हा तिनं मला पाव आणायला पाठवलं.

मग ती शार्लव्हिलला परत गेली आणि साठाव्या वर्षी एका प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवस कवळ्या करायला लागली. बहीण त्याच गावात होती, विधवा झालेली. रविवारी दोघी एकत्र जेवायच्या, फारसं न बोलता.

इकडं 'कोठार'चं दैव मात्र फिरलं. ज्या सिनेमावर थुंकले होते त्याची पोरं पूजा करायला लागली. २०१४ मध्ये एका शहरातल्या भयपटांच्या महोत्सवात तो दाखवायचा ठरला आणि त्यांनी आर्मेलला बोलावलं. ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली, मला घेऊन. मंचावर बसून तिनं पंपाबद्दल, पाकाबद्दल, थंडीत डोकं शेकण्याबद्दल सगळं नीट सांगितलं. पापण्यांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, ते आठवत नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी आम्ही बाहेर पडलो.

जिन्यात एका तरुणानं तिला गाठलं. विशीचा असेल, लाजाळू. त्याला तिला काहीतरी दाखवायचं होतं. त्यानं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सोलेनचा चेहरा गोंदवलेला होता, त्या शेवटच्या क्षणाचा, मानेवरच्या लाल रेघेसकट. तो आर्मेलच्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत.

आर्मेलनं चष्मा लावला. त्याचा हात दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "कान जरा खाली आलाय. बाकी चांगलं आहे."

पोरगा खूश झाला. त्यानं विचारलं, ही नटी नंतर कुठं गेली, कुठंच दिसली नाही, काय करते सध्या?

"बेटावर असते," आर्मेल म्हणाली. "वडिलांजवळ."

त्यानं आभार मानले आणि सिनेमा चुकू नये म्हणून दोनदोन पायऱ्या चढत आत गेला. आर्मेल जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, त्याला सांगायचंस ना खरं. ती म्हणाली, "आयुष्यभर हातावर घेऊन फिरणार आहे तो तिला. एवढ्यातच कशाला सांगायचं?"

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. एकदा मला वाटलं ती रडतेय, पण तिनं तोंड फिरवलं तेव्हा डोळे कोरडे होते. सोमवारी एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याची खालची कवळी द्यायची आहे, असं तिनं सांगितलं. त्याला पाव चावता येत नाही म्हणून तो दोन महिने चिडचिड करतोय. मग बहिणीसाठी काय न्यावं ते आम्ही ठरवत बसलो.